दोन वर्षांच्या करारात न मावणारा उत्प्रेरक

पोस्टडॉकसाठी, म्हणजे पीएचडीनंतरच्या मुदतीच्या संशोधन-नोकरीसाठी, परदेशी निघालेले विद्यार्थी मला फेलोशिपची रक्कम विचारतात, शहर कसे आहे ते विचारतात. उत्प्रेरणाच्या, म्हणजे रासायनिक अभिक्रिया वेगाने घडवणाऱ्या पदार्थांच्या (उत्प्रेरकांच्या), क्षेत्रात जाणाऱ्यांनी त्याआधी एवढेच विचारावे, की करार किती वर्षांचा आहे आणि अभिक्रिया चालवण्याचा रिअ‍ॅक्टर उभा आहे की उभारायचा आहे.

पुण्यात पीएचडी संपवून मी जर्मनीतल्या एका प्रयोगशाळेत दोन वर्षांच्या करारावर रुजू झालो. काम तांबे-झिंक ऑक्साइड उत्प्रेरकाच्या पावडरीवरून कार्बन मोनॉक्साइड असलेला वायू सोडून मिथेनॉल बनवण्याचे होते. पहिले पाच महिने नळ्या जोडणे, साबणाच्या पाण्याने गळती शोधणे आणि वायूंच्या मिश्रणातले घटक मोजणाऱ्या गॅस क्रोमॅटोग्राफचे कॅलिब्रेशन यांतच गेले. पुढे उत्प्रेरक सुरू झाला, पण प्रत्येक वेळी तिसऱ्या दिवसापासून तो मंदावायचा आणि नको असलेल्या मिथेनचे प्रमाण वाढू लागायचे. तीन महिने आम्ही पावडर बनवण्याच्या कृतीलाच दोष देत राहिलो. अखेर वापरलेल्या पावडरीत लोह सापडले, जे आम्ही घातलेच नव्हते. कार्बन मोनॉक्साइड स्टीलच्या सिलिंडरमध्ये दाबाखाली राहिला की थोडे आयर्न कार्बोनिल हे लोहाचे सहज उडणारे संयुग तयार होते, ते वायूबरोबर वाहत येते आणि गरम उत्प्रेरकावर विघटन पावून लोह मागे ठेवते. ही गोष्ट पुस्तकांत आहे. माझ्या ध्यानात नव्हती, आणि ज्याच्या ध्यानात असायची तो आधीचा पोस्टडॉक करार संपवून केव्हाच गेला होता. सिलिंडरपुढे सक्रिय कोळशाची एक नळी बसवली आणि प्रश्न मिटला.

जर्मनीतच, म्युलहाइमला, रसायनशास्त्रज्ञ कार्ल त्सीग्लर यांच्या संस्थेत १९५३ च्या सुमारास नको असलेल्या धातूनेच घोळ घातला होता. ऑटोक्लेव्हमध्ये (दाबाखाली अभिक्रिया करण्याच्या बंद भांड्यात) राहिलेल्या निकेलच्या अंशामुळे एथिलीनपासून लांब साखळ्यांऐवजी ब्युटीनचे छोटे रेणू मिळू लागले. त्यांनी कारण शोधले, मग एकेक धातू तपासत झिर्कोनियम आणि टायटॅनियमपर्यंत पोहोचले आणि कमी दाबावर पॉलिएथिलीन बनू लागले. प्रत्यक्ष प्रयोग करणारे हात विद्यार्थ्यांचे आणि सहकाऱ्यांचे होते, हे खरे. पण त्सीग्लर १९४३ पासून संचालक होते आणि तो प्रश्न पुढच्या वर्षी कोणाकडे राहणार याची कोणालाच चिंता नव्हती.

आज जर्मनीत २००७ च्या कायद्यानुसार पीएचडीनंतर साधारण सहा वर्षेच मुदतीच्या करारावर राहता येते. इकडे भारतात इन्स्पायर फॅकल्टी या तरुण संशोधकांसाठीच्या सरकारी फेलोशिपसाठी खुल्या गटाची वयोमर्यादा ३२ आहे. या दोन घड्याळांच्या मध्ये सापडलेला माणूस काय करतो? नवा पदार्थ बनवतो, शंभर तास चालवतो आणि शोधनिबंध पाठवतो. कारखान्यात मिथेनॉलचा उत्प्रेरक काही वर्षे टिकावा लागतो. पण तो कशाने मरतो हे शोधायला जो वेळ लागतो, तो कोणत्याच पोस्टडॉकच्या हातात नसतो. हा दोष पोस्टडॉकांच्या आळसाचा नाही. प्राध्यापकपदे वाढोत न वाढोत, पण प्रत्येक मोठ्या गटात रिअ‍ॅक्टर सांभाळणारा एक तरी कायमस्वरूपी वैज्ञानिक हवा, असे माझे ठाम मत आहे. तंत्रज्ञ म्हणून नव्हे, संशोधक म्हणून.

निघताना मी त्या नळीवर चिठ्ठी चिकटवली होती. दीड वर्षाने माझ्या जागी आलेल्या मुलाची ईमेल आली: चिठ्ठीवरची शाई पुसली आहे, दाब कमी पडतो आहे, ही कोळशाची नळी काढून टाकली तर चालेल का?