काळी दोनमधलं 'बॅक इन ब्लॅक'

सकाळी ग्रुपवर अडतीस सेकंदांची एक क्लिप आली. एसी/डीसी या रॉक बँडचा 'पॉवर अप' दौरा, स्टेडियमच्या पार वरच्या रांगेतून मोबाइलवर टिपलेलं 'बॅक इन ब्लॅक'. खाली मित्राने लिहिलं होतं, "ट्यूनिंग उतरवून वाजवतायत म्हातारे. पैसे घेऊन फसवणूक चाललीये." त्यावर धडाधड हसरे चेहरे पडले. मी तिथे काही लिहिलं नाही. इथे लिहितोय, कारण तो 'फसवणूक' शब्द सकाळपासून डोक्यातून जात नाहीये.

ट्यूनिंग उतरवलंय, खरं आहे. मूळ रेकॉर्डवर हे गाणं ई मध्ये आहे, क्लिपमध्ये ई फ्लॅट. आपल्या पेटीच्या भाषेत पांढरी तीनचं काळी दोन झालं. अर्धा सूर. आता सांगा, आपल्याकडे एखाद्या गवयाने पन्नाशीनंतर पट्टी अर्ध्या सुराने खाली घेतली तर बैठकीतून कोणी उठून ओरडतं का फसवणूक म्हणून? उलट जाणकार मान डोलावतात, की बुवांना गळा कळतो. बँडचा गायक ब्रायन जॉन्सनचा जन्म १९४७ चा. १७ मे २०२४ ला जर्मनीतल्या गेल्सेनकिर्शेनला दौऱ्याचा पहिला कार्यक्रम झाला तेव्हा माणूस ७६ वर्षांचा होता. हा गळा गुणगुणायचा नाही, पूर्ण ताकदीने खरवडून वर फेकायचा आहे, दोन तासांहून जास्त वेळ, वीसहून अधिक गाणी. त्याला अर्धा सूर द्यायचा नाही म्हणता?

ट्यूनिंग उतरवणं म्हणजे खुंट्या जरा सैल केल्या की झालं, असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी जरा सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट, या बँडचं जवळजवळ सगळं संगीत मोकळ्या, म्हणजे बोट न दाबता वाजणाऱ्या तारांवर उभं आहे. 'बॅक इन ब्लॅक'चे ई, डी, ए हे कॉर्ड घ्या, किंवा 'थंडरस्ट्रक'ची सुरुवात घ्या. त्या सुरुवातीत बी ची मोकळी तार प्रत्येक दोन सुरांच्या मधे परत परत वाजत राहते. मोकळ्या तारेच्या खाली पडदाच (फ्रेट) नाही, त्यामुळे बोटं एक पडदा मागे सरकवून सूर उतरवता येत नाही. कॅपो (सगळ्या तारा एकत्र दाबणारा चिमटा) लावून सूर चढवता येतो, उतरवता येत नाही. म्हणजे सहाच्या सहा तारा खाली आणणं एवढाच मार्ग उरतो, आणि बेसच्या चारही.

दुसरी गोष्ट ताणाची. सगळ्यात जाड, ई ची तार ८२.४ हर्ट्झवरून ७७.८ वर येते. ताण कंपनसंख्येच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो, म्हणून सूर सहा टक्क्यांनी उतरला तरी ताण अकरा टक्क्यांनी पडतो. ९ ते ४२ चा तारांचा सेट (ही जाडी, इंचाच्या हजाराव्या भागात) गिब्सनच्या २४.७५ इंच स्केलवर, म्हणजे तारेच्या वाजणाऱ्या लांबीवर, गिटारच्या मानेला साधारण ३६ किलोंनी ओढतो, त्यातले चार किलो गेले. मान मागे सरळ होते, तारा पडद्यांना घासून झणझणायला लागतात. आणि सगळ्यात वाईट म्हणजे सैल तारेवर जोरात प्रहार केला की सूर आधी चढा निघतो आणि मग खाली बसतो. ज्या बँडचं सगळं उजव्या हाताच्या जोरावर चालतं, त्यांच्या कॉर्डची यात पार वाट लागते.

उपाय आहे, पण तो दिवसभराचा. ९ ऐवजी साडेनऊचा सेट घातला की ताण जवळपास पूर्ववत होतो. ज्याचा हात जड आहे त्याने १० चा घालावा. नटच्या, म्हणजे मानेच्या टोकाच्या पट्टीच्या, खाचेत नवी तार अडकत नाही ना ते बघायचं, अडकत असेल तर पेन्सिलीचं शिसं लावायचं. अडकलेली तार बेंड केल्यावर (बोटाने ओढल्यावर) जागेवर परतत नाही, आणि अँगस यंग वाजवतो त्या गिब्सन एसजीवर तर हा त्रास नेहमीचा. ट्यून करताना आधी हव्या त्या सुराच्या खाली जायचं आणि मग चढत सुरावर यायचं, म्हणजे खुंटीतला ढिलेपणा निघून जातो. मग पहिल्या पडद्यावर कॅपो लावून, शेवटचा पडदा दाबून सातव्यापाशी फट बघायची. पाव मिलिमीटरच्या आत हवी. नसेल तर ट्रस रॉड (मानेतली लोखंडी सळई) पाव फेरा फिरवायचा, त्याहून जास्त नाही, आणि लाकडाला एक रात्र द्यायची. दुसऱ्या दिवशी बाराव्या पडद्यावर इंटोनेशन, म्हणजे वरच्या पडद्यांवरही सूर बरोबर येतो ना ते. तिथला सूर चढा येत असेल तर सॅडल (ब्रिजवरचा तारेचा टेकू) मागे, उतरता येत असेल तर पुढे. हे एका गिटारीचं झालं. दौऱ्यावर प्रत्येकाच्या राखीव गिटारी असतात, त्या सगळ्यांचं हेच करायचं.

तंबोऱ्याचं वेगळं काय असतं? पट्टी बदलली की तारांचा गेज (जाडी) बदलावा लागतो, जवारी परत लावावी लागते. ते आपण कौतुकाने बघत बसतो. गिटारवाल्याने तेच केलं की फसवणूक.

ताणाचं लिहिताना अँगसचा भाऊ, बँडचा जुना गिटारवादक माल्कम यंग आठवला आणि राग जरा उतरला. त्याच्या १९६३ च्या ग्रेच गिटारवर त्याने ब्रिजपाशी एकच पिकअप (तारेचं कंपन टिपणारा भाग) ठेवला होता, बाकीचे काढून टाकले होते. तारा जाड, १२ पासून सुरू होणाऱ्या, तिसरी तारसुद्धा गुंडाळलेली. अँप इतका कमी तापवलेला, की कॉर्डमधला प्रत्येक सूर वेगळा ऐकू यावा. या बँडला लोक गोंगाट म्हणतात, पण त्यांच्या मुळाशी असा स्वच्छ आवाज आहे. गेन (आवाज फाटेपर्यंतची वाढ) भरपूर असला की बेसूरपणा झाकला जातो. इथे झाकायला काहीच नाही. माल्कम १८ नोव्हेंबर २०१७ ला गेला. 'पॉवर अप' अल्बम १३ नोव्हेंबर २०२० ला आला. त्यातल्या सगळ्या गाण्यांवर अँगस आणि माल्कम या दोघांचंच नाव आहे, कारण दोघांनी मिळून जमवून ठेवलेल्या रिफमधूनच (गिटारच्या छोट्या, परत परत येणाऱ्या सुरावटींमधूनच) ती गाणी झाली. त्याच्या जागी आता पुतण्या स्टीव्ही उभा राहतो. तो १९८८ मध्येही काकाच्या जागी उभा राहिला होता. घराण्याचा हात आहे तो. अडतीस सेकंदांत गाण्याखाली जी न हलणारी चौकट ऐकू येते, ती त्याची.

'हेल्स बेल्स' हे गाणं घंटेच्या टोल्यांनी सुरू होतं, ती घंटा हा तर आणखी वेगळा प्रश्न. १९८० मध्ये इंग्लंडात लाफबरोला जॉन टेलरच्या ओतशाळेत बँडसाठी साधारण टनभर वजनाची घंटा ओतली. घंटेचा सूर ओतताना आणि नंतर आतून कातताना ठरतो. धातू कातला की सूर खाली जातो, परत चढवणं जवळपास अशक्य. गिटारसारखी ती संध्याकाळी उतरवून सकाळी चढवता येत नाही. त्यात घंटेच्या उपस्वरांत कोमल गंधार जोरात बोलतो. बँड अर्धा सूर खाली आणि टोला मूळ जागी राहिला तर पहिल्याच कॉर्डला कानात कुसळ गेल्यासारखं होतं. म्हणून अशा वेळी मुद्रित टोलाही गिटारींबरोबर खाली सरकवावा लागतो. पट्टी बदलायची म्हटली की काम इथपर्यंत जातं.

आणि कान! यावर कोणी बोलत नाही म्हणून मला जास्त चीड येते. मार्च २०१६ मध्ये 'रॉक ऑर बस्ट' दौऱ्याच्या मध्यात डॉक्टरांनी ब्रायनला सांगितलं, ताबडतोब थांबा, नाहीतर पूर्ण बहिरे व्हाल. उरलेला दौरा 'गन्स एन रोझेस'चा गायक अ‍ॅक्सल रोझने पूर्ण केला, पहिले काही कार्यक्रम मोडलेल्या पायाने, खुर्चीत बसून. कानाला ८५ डेसिबलला आठ तास चालतात, पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मी. म्हणजे १०० डेसिबलला पंधरा मिनिटं. रंगमंचावर ड्रम आणि मार्शल अँपच्या भिंतीपुढे पंधरा मिनिटं म्हणजे तीन गाणी.

साध्या इन-इअरने, म्हणजे गायक कानात घालतो त्या छोट्या स्पीकरने, हे सुटत नाही. कानाची वाट घट्ट बंद होते, आत स्पीकरचा दाब कानाच्या पडद्यावर साचतो, कानातला बारीक स्नायू आखडून आवाज दाबतो, गाणाऱ्याला कमी ऐकू येतं म्हणून तो आवाज वाढवतो, की दाब आणखी वाढतो. इन-इअर बनवणाऱ्या स्टीफन अँब्रोझने यावर काम केलं. त्याने दाब शोषून घेणारा दुसरा लवचिक पडदा आणला आणि तो ब्रायनला स्वतःहून जाऊन भेटला. त्याच्या कामामुळे हा माणूस परत बँडसमोर उभा राहू शकला. स्वतःचा आवाज नीट ऐकू आला नाही तर कोणीही सुरात गाऊ शकत नाही, वय काहीही असो.

तारखाही बघा. १७ मे, २१ मे, २५ मे, २९ मे. गेल्सेनकिर्शेनला दोन, मग इटलीत रेज्जो एमिलिया, मग स्पेनमध्ये सेव्हिया. मधे तीन-तीन दिवस मोकळे. घासलेल्या स्वरतंतूंची सूज उतरायला दोन-तीन दिवस लागतात, सलग दोन रात्री गायलं की तिसऱ्या रात्री वरचे सूर फुटतात. रोज नवं शहर घेऊन जास्त पैसा करता आला असता. तो त्यांनी सोडला, गळा सांभाळला.

आता ती क्लिप. मोबाइलचा माइक १०० हर्ट्झखालचं जेमतेम पकडतो. म्हणजे ७७.८ ची ती जाड तार, जिच्यावर गाणं उभं आहे, तिचा मूळ सूर क्लिपमध्ये जवळपास नाहीच, फक्त वरचे उपस्वर. त्यात फोनचा आपोआप कमीजास्त होणारा गेन. शेजारचा ओरडला की फोन सगळंच दाबतो, तो गप्प झाला की परत उचलतो. रंगमंचापासून दीडशे मीटरवर थेट आवाज ४३७ मिलिसेकंद उशिरा पोहोचतो. मधल्या टॉवरवरचे स्पीकर बरोबर तेवढ्या विलंबाने लावलेले असले तरी समोरच्या स्टँडवर आपटून आलेला आवाज त्यात मिसळतोच. संध्याकाळी हवा दहा अंशांनी गार झाली तर ध्वनीचा वेग सेकंदाला सहा मीटरने उतरतो, ती गणितंही सरकतात. वरच्या रांगेतला पोकळ, चिरका आवाज हा स्टेडियमचा आणि फोनचा आहे. तो ब्रायनच्या गळ्याच्या माथी मारू नका.

काही गोष्टी मान्य. काही गाणी मूळ लयीपेक्षा सैल जातात. उतरलेल्या ट्यूनिंगमध्ये 'थंडरस्ट्रक'ची सुरुवातीची धार थोडी कमी होते. आणि नव्या अल्बमचा म्हणून निघालेल्या दौऱ्यात त्या अल्बमची दोनच गाणी, 'शॉट इन द डार्क' आणि 'डीमन फायर'? हे मला अजिबात पटलेलं नाही. बारा गाण्यांतली दोन. माल्कमचं शेवटचं काम आहे ते, निदान चार तरी हवी होती. टीका करायचीच होती तर ही करायची.

फसवणूक कशाला म्हणतात ते आपल्याला माहीत आहे. गळा आधीच मुद्रित करून ठेवायचा आणि समोर ओठ हलवायचे. क्लिकवर, म्हणजे कानात वाजणाऱ्या ठेक्यावर, मागून आणखी चार मुद्रित गिटारी सोडायच्या. पट्टी उतरवावी लागली याचा अर्थच असा, की गळा खरा आहे. टेपवरच्या गळ्याला वय होत नाही, त्याला काळी दोन लागत नाही.

मित्रा, तुझ्याकडे गिटार आहे. सहाही तारा अर्धा सूर उतरव, ट्यूनरवर ई फ्लॅट, ए फ्लॅट, डी फ्लॅट, जी फ्लॅट, बी फ्लॅट, ई फ्लॅट. तुझी तीच क्लिप हेडफोनवर लाव, तिच्याबरोबर वाजव आणि ब्रायनचा प्रत्येक शब्द तुझ्या तारेशी ताडून बघ. कुठे सूर सुटतोय ते नेमका सेकंद देऊन मला खाली लिही.