‘मरू दे’ म्हणायचं की ‘जाऊ दे’? : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

‘मेल्या!’ या लेखावरची तुमची प्रतिक्रिया लांब आहे आणि रागाची आहे, तेव्हा खालच्या चौकटीत दोन ओळी खरडण्यापेक्षा इथेच सविस्तर लिहिते. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: ‘मरणे’चा अर्थ एकच, प्राण जाणे, बाकी मी त्या लेखात गोळा केलेले या शब्दाचे सगळे वापर एकतर अलंकार, नाहीतर शिवराळपणा. रोज माणसं लोकलमधून पडतात त्या शहरात बसून ‘मरणाची गर्दी’ लिहिणं निर्दयपणाचं. ‘तिच्यावर मरतो’ ही हिंदीची उसनवारी. आणि ‘निधन’सारखा सभ्य शब्द असताना असलं कोकणी शीर्षक कशाला, ते बदला. इतकं सगळं.

एकच अर्थ म्हणता, तर आधी स्वयंपाकघरात या. बांगडे आणले की घरभर वास मारतो. कालवणात तिरफळं ठेचून घातली की तोच वास मरतो. वास ‘मारतो’ म्हणजे जोरात येतो आणि ‘मरतो’ म्हणजे येईनासा होतो, आणि हे ऐकताना कोणाही मराठी बाईचा गोंधळ होत नाही. मीठ लावून ठेवलं की कारल्याचा कडूपणा मरतो. जेवायला उशीर झाला की भूक मरते. कोळणीच्या कोयत्याची धार मरते, दाताचा डॉक्टर नस मारतो. यांतल्या कशातही प्राण नव्हता. पण सगळीकडे एक गोष्ट सारखी आहे: वस्तू जागच्या जागी राहते, तिच्यातला जोर जातो. दात तोंडातच असतो, कोयता पाटावरच असतो. याला अलंकार म्हणायचं असेल तर म्हणा, पण अलंकार घालणाऱ्याला आपण तो घातलाय हे ठाऊक असतं. ‘माझी भूक मेली’ म्हणणाऱ्याला फक्त जेवायचं नसतं.

वैद्यांचं उदाहरण तुम्ही ‘जुनाट’ म्हणून बाजूला सारलंत, पण तेच मला सगळ्यात आवडतं. आयुर्वेदाच्या रसशास्त्रात धातूचं भस्म करण्याच्या क्रियेला ‘मारण’ म्हणतात. धातू खरोखर मेला की नाही याची परीक्षाही आहे. भस्म तूप, मध, टाकणखार वगैरेंबरोबर पुन्हा तापवायचं. त्यातून धातू परत वर आला तर तो मेलेला नव्हता. जे परत येत नाही ते भस्म ‘अपुनर्भव’. म्हणजे मरण कच्चं की पक्कं हे तपासायची सोय त्या लोकांनी करून ठेवली होती.

याच्या अगदी उलटा हिशोब आपल्या गल्लीत चालायचा. कबड्डीत गडी मरतो, रेषेबाहेर जाऊन बसतो, आणि समोरचा एक मेला की हा जिवंत होऊन आत येतो. या खेळाचे जुने तीन प्रकार त्यांच्या नावांतच सगळं सांगतात. ‘संजीवनी’त मेलेला गडी उठतो. ‘गामिनी’त गेला तो गेला, अख्खा संघ बाद होईपर्यंत बाहेरच बसायचं. ‘अमर’मध्ये गडी मरतो पण मैदान सोडत नाही, समोरच्यांना गुण तेवढा मिळतो. बुद्धिबळातही घोडा मरतो, वजीर मरतो, आणि पुढच्या डावात मांडायला पुन्हा हजर. लहान मूल हा शब्द पहिल्यांदा ऐकतं ते बहुतेक अशाच कुठल्यातरी खेळात, स्मशानात नाही.

आता ज्यासाठी तो लेख लिहिला होता, ते तुमच्या प्रतिक्रियेत कुठेच आलेलं नाही. मराठीत ‘मरणे’ आणि ‘जाणे’ यांनी आपापली कामं बदलून घेतली आहेत. आपलं माणूस मेलं की आपण ‘गेलं’ म्हणतो. ‘बाबा गेले.’ कुठे, असं कोणी विचारत नाही. आणि नुसतं गेलेलं, म्हणजे वाण्याकडे गेलेलं, नाक्यावर रेंगाळलेलं माणूस परत आलं की ‘कुठे मेला होतास?’ लालबाग-परळला घरातलं माणूस मालवणीत विचारतं, ‘मेल्या, खंय मराक गेल्लंस?’ पुढे ‘इथे येऊन मर’ म्हणजे ये, ‘मर तिकडे’ म्हणजे जा, ‘मरू दे’ म्हणजे सोड तो विषय. त्याचाच मवाळ भाऊ ‘जाऊ दे’. जिवंत माणसाला मारत राहायचं आणि मेलेल्याला नुसतं गावाला पाठवायचं, अशी ही वाटणी.

आदरार्थी बहुवचन लावून पाहा. ‘बाबा आले’, ‘बाबा जेवले’, ‘बाबा रागावले’ सगळं शोभतं. ‘बाबा मेले’ शोभत नाही. मराठीत आदराचं बहुवचन जवळपास कुठल्याही क्रियापदाला सभ्य करतं, इथे मात्र ते तोंडावर आपटतं. ‘वारले’ चालतं, ‘गेले’ चालतं, ‘देवाज्ञा झाली’ चालतं. शेजारचं मांजर मेलं. आपला कुत्रा मात्र ‘गेला’. म्हणून मी म्हणते की हा शब्द आपण भुकेला, धारेला, सोंगटीला, डासाला, शत्रूला मनमोकळा वापरतो, आणि जिथे त्याचा तुमचा तो ‘एकच’ अर्थ आहे नेमका तिथे, आपल्या माणसापाशी, गिळून टाकतो. यात निर्दयपणा कुठे दिसला?

हे आजचंही नाही. 14 जानेवारी 1761 ला पानिपत झालं, त्याची खबर मराठी मुलखात आली ती सांकेतिक भाषेत: दोन मोती गळाली, मोहरा हरवल्या, रुपये-खुर्दा किती गेला त्याची गणती नाही. मोती म्हणजे सदाशिवरावभाऊ आणि विश्वासराव. सावकारी पत्राची भाषा होती म्हणा, गुप्ततेची गरज होती म्हणा, पण एवढ्या मोठ्या मरणाच्या बातमीत ‘मरणे’ नाही. आपल्याकडे तर बांगडीसुद्धा फुटत नाही, वाढते, आणि दुकान बंद होत नाही, वाढवतात. निघताना ‘जातो’ म्हटलेलं आईला आजही चालत नाही.

गर्दीचं बोलू. तो तुमचा मुद्दा मला लागला, म्हणून टाळत नाही. 9 जून 2025 ला मुंब्र्याजवळ दारात लटकलेली माणसं लोकलमधून खाली पडली. त्या संध्याकाळी आमच्या लेडीज डब्यात दुसरा विषय नव्हता. ‘पोरं पडली’, ‘गेली बिचारी’, ‘सकाळी डबा घेऊन निघालेली असतील गं’. ‘मेली’ असं एकीच्याही तोंडून आलं नाही. आणि कुर्ल्याला लोंढा आत घुसला तशी त्यांतलीच एक ओरडली, ‘मरणाची गर्दी आहे, सरका ना आत!’ दोन्ही वाक्यं एकाच बाईची. तिला जाऊन सांगा की तुझी भाषा असंवेदनशील आहे. ‘मरणाची थंडी’, ‘मरणाचा कंटाळा’ यांत मरण नावापुरतंच उरलंय हे खरं. ‘मरणाच्या गर्दी’त ते तेवढं पातळ झालेलं नाही, आणि हे त्या दारात उभं राहणाऱ्याइतकं कोणाला कळत नसेल.

‘तिच्यावर मरतो’ हिंदीतून आलं असेल. आपल्याकडे ‘जीव टाकतो’ आहे, ‘झुरतो’ आहे, दोन्ही छान आहेत. मुंबईतली पोरं ‘मरतो’ म्हणतात. म्हणू देत.

राहिलं ‘निधन’. हा शब्द नुसता सभ्य आहे असं तुम्ही धरून चाललाय. कुठलंही मराठी वर्तमानपत्र उघडा. नेत्याचं, लेखकाचं निधन होतं. हायवेवर टँकरखाली सापडलेला ठार होतो. इस्पितळात नेल्यावर त्याचा मृत्यू होतो. तापाने पोर दगावतं, गोठ्यातली गायही दगावते. खड्डा बळी घेतो. पोलिसांच्या कागदात हे सगळे ‘मयत’. ‘लोकलमधून पडून तिघांचं निधन’ असा मथळा तुम्ही तरी वाचलाय का? निधन व्हायला नाव लागतं, बहुतेक वेळा वय लागतं, आणि बिछाना असेल तर बरं. 106 जणांसाठी फ्लोरा फाउंटनपाशी ‘हुतात्मा’ हा शब्द कोरावा लागला, आणि 6 डिसेंबरला दादरला लोटणारी माणसं ‘महापरिनिर्वाण’ म्हणतात, ‘निधन’ म्हणत नाहीत. एका ‘निधन’मध्ये हे सगळं कसं बसवणार?

सभ्यपणाच हवा असेल तर त्याचं मुंबईतलं आजचं रूप ‘एक्सपायर झाले’ हे आहे. सोसायटीत, ऑफिसात, बँकेच्या काउंटरवर, सगळीकडे. औषधाची गोळी आणि आजोबा दोघंही एक्सपायर होतात, फरक इतकाच की गोळीवर तारीख आधी छापलेली असते. त्यापेक्षा मला ‘वारले’ शतपटीने बरं वाटतं. तुमचं मत वेगळं असू शकतं.

आणि ‘मेल्या’. आमच्याकडे हा शब्द रागात कमी आणि मायेत जास्त येतो. ‘इश्श, मेलं काहीतरीच’ म्हणणाऱ्या बाईने कोणाचं मरण चिंतलेलं नसतं, तिला लाजायला एक शब्द हवा असतो. शीर्षक बदलत नाही. तुम्ही प्रतिक्रियेत अभिमानाने लिहिलंय की तुम्ही कराडकडचे, आणि तुमच्याकडे असली भाषा घरात चालत नाही. माझी एक मैत्रीण तिकडचीच आहे. तिची आजी नातवाला जेवायला हाक मारते ती ‘ये की रं मुडद्या’ अशी. आमचा मेल्या निदान नुकताच मेलाय, तुमच्याकडच्या आजीने तर थेट मढंच जेवायला बसवलंय. यात कोकणापेक्षा सभ्य काय आहे, तेवढं कळवा.