अर्जदाराचा व्यवसाय : मजुरी

सरकारी योजनांचा लाभ घ्यायचाय? मग आधी धंदा नीट निवडा. कंपनीत चिकटू नका. तिथे पगाराची स्लिप निघते, पीएफ कापतात आणि माणूस कागदावर दिसायला लागतो. त्यापेक्षा पुड्या विका. गांजा असो, एमडी असो, ना पावती ना जीएसटी. स्वयंघोषणापत्रात 'मजुरी' लिहा आणि उत्पन्न वर्षाला 15 हजारांच्या आत बसवा, पिवळं रेशनकार्ड तेवढ्यावरच मिळतं. तेवढे तुम्ही एका शनिवारी रात्री कमावता, पण त्यासाठी अर्जात रकानाच नाही. तुमचा काय दोष?

गाडी मेहुण्याच्या नावावर घ्या. मेहुणा नसेल तर लग्न करा.

रेशनला स्वतः जा, अंगठा लागतो. अंगठीवाला असला तरी चालतो. माणशी 5 किलो धान्य 2023 पासून फुकट आहे, बुलेटच्या टाकीवर मावतं.

खरं मात्र चुकूनही बोलू नका. मागच्या सोमवारी आमच्या भांडीवाल्या मावशींबरोबर उत्पन्नाच्या दाखल्यासाठी गेलो होतो. नवरा गेला, मुलगा गेला, घरात त्या आणि 17 वर्षांचा नातू. निराधार योजनेचे महिन्याला 1500 सुरू व्हावेत, एवढीच अपेक्षा. साहेबांनी विचारलं, "काम करता?" मावशी म्हणाल्या, "व्हय, तीन घरची भांडी. तीन हजार मिळत्यात." झालं! वर्षाचे 36 हजार, योजनेची मर्यादा 21 हजार. अर्ज परत. वर, "नियम आहे हो." नियम! शेजारच्या टेबलावर आमच्या गल्लीतला तो उभा होता. गळ्यात साखळी, हातात दोन मोबाईल. त्याला कुणी विचारलं नाही, काम काय करतोस. विचारायचं कशाला? अख्ख्या गल्लीला माहीत आहे. शिपायाला माहीत आहे. मलाही माहीत आहे, आणि मी गप्प बसलो. जिना उतरताना मी मावशींना म्हटलं, पुढच्या वेळी काहीच मिळत नाही म्हणून सांगा. त्या म्हणाल्या, "म्हंजे तुम्ही मला फुकट राबवता, असं सांगू?"

पकडले गेलात तर घाबरू नका. तुरुंगातलं जेवणही सरकारीच असतं.

जाऊ दे. नाही जमत मला हे हसतखेळत लिहायला.

अरे, तू गहू-तांदूळ नेतोस त्याचं एवढं नाही रे. ते तर तू घरी पोचायच्या आत विकून टाकतोस. पण मावशींचा नातू कॉलेज बुडवून रोज संध्याकाळी तुझ्या टपरीमागे उभा असतो. आजीच्या तीन हजारांतले किती तुझ्या खिशात येतात, ते लिही की एकदा घोषणापत्रात! रांगेत ती तुझ्या मागेच उभी असते, एकदा वळून बघ तिच्याकडे. आणि साहेब, मावशींना नियम सांगताना तुमची मान एवढी ताठ होती, मग शेजारच्या टेबलाकडेच ती का वळत नव्हती?