होकायंत्र इंदुरातच शिकून जावे

पावसाळा सरत आला की आपल्या इंदुरातील मराठी मंडळींमध्ये हिमालयातील ट्रेकचे बेत सुरू होतात. तयारी म्हणजे धावणे, जिने चढणे आणि बूट-जाकिटांची खरेदी. धुक्यात वाट हरवली तर काय करायचे, हा प्रश्न मात्र "गाइड असतोच की" या वाक्यापाशी संपतो, आणि ते मला मुळीच मान्य नाही.

जून २०२४ मध्ये उत्तराखंडातील सहस्रतालहून परतणारा गट वादळात अडकला आणि नऊ जण दगावले. त्यांच्यासोबतही स्थानिक वाटाडे होते. मे १९९६ मध्ये एव्हरेस्टवरून उतरणारे काही गिर्यारोहक, त्यांत व्यावसायिक मार्गदर्शकही होते, साउथ कोल या शिखराखालच्या खिंडीत तंबूंपासून काहीशे मीटरांवर असूनही हिमवादळात तंबू शोधू शकले नाहीत. या लोकांना दोष देण्याचा माझा अधिकार नाही; पण वाटाड्यालाही दिसेनासे होते, एवढे तरी यातून ध्यानात घ्यावे.

मोबाइलवर आपला भरवसा फार. जीपीएस नेटवर्कविना चालते हे खरे, परंतु नकाशा आधी उतरवून घेतलेला हवा. शिवाय कडाक्याच्या थंडीत बॅटरी झपाट्याने उतरते आणि ओल्या हातमोज्यांना स्क्रीन दाद देत नाही. पडद्यावरचा निळा ठिपका आपण कुठे आहोत ते सांगतो, पुढे सौम्य उतार आहे की कडा, हे नकाशावरील समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीची ठिकाणे जोडणाऱ्या रेषा, वाचता आल्या तरच कळते. म्हणून कागदी नकाशा आणि होकायंत्र प्रत्येकाजवळ असावे, आणि मुक्कामाची दिशा धुके येण्यापूर्वी, सगळे स्पष्ट दिसत असतानाच अंशांत टिपून ठेवावी. तंबू ओढ्याकाठी असतील तर थेट तंबूंचा नेम न धरता मुद्दाम थोडे एका बाजूला, म्हणजे ओढ्याच्या वरच्या किंवा खालच्या ठरावीक अंगाला, चालत जावे. ओढा लागला की कोणीकडे वळायचे याची शंका उरत नाही. थेट नेम धरून चुकलेल्या माणसाला मात्र तंबू कोणत्या हाताला राहिले, हेच कळत नाही.

हवेच्या दाबावर चालणारे उंचीमापक असेल तर रात्री आणि पहाटे त्यावर नजर टाकावी. आपण जागचे हललो नसताना ते वाढलेली उंची दाखवू लागले, तर दाब घटतो आहे आणि हवा बिघडण्याची शक्यता आहे, असे समजावे.

परत फिरण्याची वेळही सकाळीच ठरवावी. स्कॉटिश गिर्यारोहक विल्यम नेस्मिथ यांनी १८९२ मध्ये मांडलेल्या ढोबळ हिशेबानुसार सुमारे पाच किलोमीटरला एक तास आणि प्रत्येक ६०० मीटर चढाईला आणखी एक तास लागतो. बर्फात आणि विरळ हवेत त्याहून अधिक धरावा. शिखर समोर दिसत असताना ही वेळ पाळणे अवघड जाते, म्हणूनच ती सर्वांसमक्ष ठरवलेली बरी.

हा सराव करायला हिमालय लागत नाही. पावसाळ्यात महूजवळच्या जानापावावर धुके उतरते, तेव्हा मोबाइल पिशवीत ठेवून आणि माहीतगार सोबत घेऊन नकाशावर चालून पाहावे. ट्रेक नेणाऱ्या आपल्या मंडळांनी असा एक दिवस सक्तीचा करावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

परदेशी व्हिडिओंत सुचवलेली उपग्रह संदेशयंत्रे आपल्या देशात परवान्याशिवाय वापरता येत नाहीत. तेव्हा मार्ग, मुक्काम, गाइडचा क्रमांक आणि अमुक वेळेपर्यंत निरोप न आल्यास कोणाला कळवायचे, हे कागदावर लिहून घरी ठेवावे. (व्हॉट्सअ‍ॅपवर "निघालो" एवढेच टाकणे म्हणजे कळवणे नव्हे.)