आवाज मोठा होता, शब्द कळत नव्हते

बाबांसाठी पहिला ब्लूटूथ स्पीकर घेतला तो मी खोक्यावरचे आकडे बघून. वॅट जास्त, बॅटरीचे तास जास्त, बेस दणदणीत. चार दिवसांनी बघते तर बाबा पुन्हा मोबाइल कानाशी धरून व्याख्यान ऐकत बसलेले. विचारलं तर म्हणाले, "अगं, आवाज मोठा आहे त्याचा, पण शब्द कळत नाहीत."

ते वाक्य मनाला लागलं. दुसरा घेण्याआधी मी बरंच वाचलं, मैत्रिणींकडचे स्पीकर मागून आणले आणि शेजारी शेजारी ठेवून ऐकले. जे कळलं ते लिहिते, कारण घरातल्या वयस्कर माणसासाठी स्पीकर घेणारे खूप जण आहेत आणि हे खोक्यावर कुठेच छापलेलं नसतं.

बाबांची तक्रार शब्दशः खरी होती. वय वाढतं तसं आधी वरच्या पट्टीतलं ऐकू येणं कमी होतं. बोलण्यातला भरदारपणा स्वरांत असतो आणि तो खालच्या पट्टीत. पण 'सात' म्हणाले की 'साठ', हे ठरवणारी व्यंजनांची खूण बरीचशी २००० हर्ट्‌झच्या वर असते. बेस फुगवलेला स्पीकर खालचा भाग इतका वाढवतो की आधीच पुसट झालेली ही खूण त्याखाली झाकली जाते. मग आवाज कितीही वाढवा, घुमणं तेवढं वाढतं. तरुण कानाला हे जाणवत नाही. मला नव्हतं जाणवलं.

म्हणून माझं ठाम मत आहे की स्पीकरची तुलना गाण्यापासून सुरू करू नये. आधी नुसतं बोलणं लावा, तेही हळू आवाजात. बातम्या, कथावाचन, काहीही. खोलीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन उभे राहा. प्रत्येक शब्द सुटा ऐकू येतोय का? मग ओळखीचं गाणं. डग्ग्याची घुमक स्वच्छ येते की नुसता 'धब्ब' होतो, ते ऐका. शेवटी आवाज पूर्ण वाढवा. स्पीकरच्या आतल्या लहान पडद्याला तेवढी हवा ढकलता येत नाही, म्हणून बरेच स्पीकर मोठ्या आवाजात बेस आपोआप कमी करतात, आणि मग गाणाऱ्याचा आवाज कर्कश होतो. जो स्पीकर दोन्ही टोकांना टिकतो, तो चांगला.

दोन स्पीकर ऐकताना आवाजाची पातळी सारखी ठेवणं फार महत्त्वाचं. एकाचा आवाज किंचित जरी मोठा असला तरी कान त्यालाच 'चांगला' म्हणतो. मोबाइलवरच्या आवाज मोजायच्या अ‍ॅपने दोन्ही सारखे करून घ्या. जागाही एकच हवी. भिंतीलगत किंवा कोपऱ्यात ठेवलेल्या स्पीकरचा बेस वाढतो, मधोमध ठेवलेल्याचा कमी वाटतो. आमचा पहिला स्पीकर नेमका कोपऱ्यातल्या कपाटावर होता.

वॅटच्या आकड्याला मी आता फारशी किंमत देत नाही. १० वॅटचे २० वॅट केले तर आवाज वाढतो फक्त ३ डेसिबल. कानाला दुप्पट वाटायला साधारण १० डेसिबल लागतात, म्हणजे दहापट वॅट. त्यात 'पीक' (क्षणभर गाठता येणारी ताकद) आणि 'आरएमएस' (सतत देता येणारी ताकद) हे वेगळे आकडे. एकाचा पीक आणि दुसऱ्याचा आरएमएस शेजारी ठेवला तर ती तुलनाच नव्हे.

कोडेकचंही तेच. कोडेक म्हणजे ब्लूटूथवरून पाठवताना आवाज आवळायची आणि पुन्हा उलगडायची पद्धत. त्यातला साधा एसबीसी सगळ्यांकडे असतोच. हेडफोनवर एलडॅक या वरच्या दर्जाच्या कोडेकचा फरक कुणाला कळत असेलही, तळहाताएवढ्या स्पीकरवर त्यासाठी जादा पैसे मोजू नयेत. पाणी आणि धुळीपासून किती बचाव, ते 'आयपी' आकडा सांगतो. आयपी६७ म्हणजे धूळ आत जात नाही आणि एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकतो. आयपीएक्स७ मधला 'एक्स' म्हणजे धुळीबद्दल काहीच सांगितलेलं नाही. चाचणी साध्या पाण्यात होते, समुद्राच्या किंवा साबणाच्या नाही.

बॅटरीबद्दल मात्र मला मनापासून राग आहे. खोक्यावरचे तास बहुतेकदा मध्यम आवाजावरचे असतात, हे एक. नुसता एमएएच (मिलिअँपिअर-तास) बघूनही भागत नाही, त्याला व्होल्टने गुणावं लागतं. ३.६ व्होल्टवरचे ५००० एमएएच आणि ७.२ व्होल्टवरचे २५०० एमएएच सारखेच, दोन्ही १८ वॅट-तास. पण खरं दुखणं पुढे आहे. लिथियम बॅटरी काही शे वेळा चार्ज झाली की तिची ताकद घटत जाते, आणि बऱ्याच स्पीकरमध्ये ती घरी बदलता येत नाही. आवाज ठणठणीत असलेली वस्तू केवळ बॅटरीपायी टाकून द्यायची? युरोपीय संघात १८ फेब्रुवारी २०२७ पासून अशा उपकरणांची बॅटरी वापरणाऱ्याला काढता-बदलता आली पाहिजे, असा नियम लागू होतोय. तो सगळीकडे हवा. तोवर निदान बॅटरी बदलून मिळते का, हे घेण्याआधी विचाराच.

ऑक्सची, म्हणजे वायर लावून ऐकायची, खाचही गृहीत धरू नका. जेबीएल कंपनीच्या फ्लिप ४ या स्पीकरला ती होती, फ्लिप ५ ला नाही. मालिका तीच, नाव जवळजवळ तेच.

आणि बटणं! बोटाला न बघता कळतील अशी उठावदार बटणं बाबांसाठी कुठल्याही कोडेकपेक्षा मोलाची ठरली. काही स्पीकर थोडा वेळ आवाज थांबला की आपोआप बंद होतात. बाबा मध्येच उठून जातात, परत आल्यावर सगळं पुन्हा जोडणं त्यांना जमत नाही. म्हणून ती वेळ वाढवता येते का, तेही मी तपासलं.

शेवटी घेतला तो पहिल्यापेक्षा लहान आणि निम्म्या वॅटचा. बाबांच्या खुर्चीजवळच्या स्टुलावर असतो, कोपऱ्यापासून लांब. परवा व्याख्यान ऐकता ऐकता त्यांनी आपणहून आवाज दोन टप्पे कमी केला.