हरलेल्यांत सर्वांत मोठा कोण? माझं मत हॅनिबलला, आणि त्याच्या पाठोपाठ तात्या टोप्यांना

हरलेल्या सेनापतींमध्ये सर्वांत थोर कोण, हा वाद निघाला की कुणी नेपोलियनचं नाव घेतं, कुणी दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन रोमेलचं, आणि आपल्याकडची मंडळी असतील तर सदाशिवरावभाऊ येतातच. या वादात मला एक गोष्ट नेहमी खटकते. आपण हरलेल्या माणसाचे जिंकलेले दिवस मोजत बसतो. विजय मिळत असताना, लूट हाताला लागत असताना सैन्य कुणाच्याही मागे चालतं. खरी परीक्षा त्यानंतरची. दिवस फिरले, कुमक थांबली, खजिना आटला, तेव्हा सेनापती सैन्याबरोबर राहिला का आणि सैन्य त्याच्याबरोबर राहिलं का? माझ्या लेखी मोजमाप एवढंच आहे.

या मापाने नेपोलियन पहिल्या फेरीतच बाद होतो. १७९९ मध्ये तो आपलं सैन्य इजिप्तमध्ये सोडून फ्रान्सला परतला. डिसेंबर १८१२ मध्ये रशियाच्या बर्फातून माघार घेणारं उरलंसुरलं सैन्य वाटेत सोडून पुन्हा पॅरिसला गेला. राज्य सांभाळायला जाणं भाग होतं, हे त्याचे चाहते सांगतात ते बरोबरही असेल. पण गोठून मरणाऱ्या शिपायांना त्याचा काय उपयोग? रोमेल धाडसी होता हे मान्य, पण पुरवठा मागे राहतोय हे दिसत असूनही तो पुढे धावला आणि १९४२ मध्ये अल अलामीनला अडकला. शिवाय त्याची कीर्ती नाझी प्रचारयंत्रणेने जेवढी वाढवली तेवढीच ब्रिटिशांनीही वाढवली. आणि अमेरिकेतला रॉबर्ट ली गुलामगिरी टिकवणाऱ्या बाजूने लढला. त्याला 'थोर' म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

आता हॅनिबल, उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेजचा सेनापती, जो इटलीत घुसून रोमशी लढला. सगळे आल्प्स आणि हत्ती सांगतात, मग कॅनीची लढाई सांगतात. इ.स.पू. २१६ च्या ऑगस्टमध्ये साधारण पन्नास हजारांच्या फौजेनिशी त्याने ऐंशी हजारांहून मोठं रोमन सैन्य घेरून कापून काढलं. ती लढाई आजही सैनिकी शाळांत शिकवतात. पण मला तो खरा दिसतो कॅनीनंतरच्या तेरा वर्षांत, ज्यांच्याबद्दल कुणी फारसं बोलत नाही.

ती वर्षं कशी होती बघा. सैन्यात लिबियन, नुमिडियन घोडेस्वार, स्पेनचे लोक, गॉल, बॅलिआरिक बेटांवरचे गोफणवाले. भाषा वेगळी, देव वेगळे, लढायची रीत वेगळी. यांतल्या बहुतेकांना कार्थेज नावाच्या शहराशी काही देणंघेणं नव्हतं. कार्थेजहून कुमक आली ती नावापुरती. रोमन शहाणे झाले होते. त्यांचा सेनापती फेबियस याने घालून दिलेल्या वाटेने ते समोरासमोर लढणं टाळत आणि हॅनिबलची मित्रशहरं एकेक करून परत घेत. २११ मध्ये कापुआ गेलं. २०७ मध्ये त्याचा भाऊ हास्द्रुबल मदतीला सैन्य घेऊन इटलीत उतरला, तो मेटॉरसच्या काठी मारला गेला, आणि रोमनांनी त्याचं मुंडकं हॅनिबलच्या छावणीसमोर आणून टाकलं. त्यानंतरही हा माणूस आणखी चार वर्षं इटलीच्या दक्षिण टोकाला तळ ठोकून होता. आणि या सगळ्या काळात त्याच्या सैन्यात बंड झालं नाही.

हे कुणा कार्थेजच्या भाटाने लिहिलेलं नाही. ग्रीक इतिहासकार पॉलिबियस लिहितो, जो हॅनिबलला हरवणाऱ्या रोमन सेनापती सिपिओच्याच घराण्याच्या आश्रयाला होता. शत्रूच्या घरातून आलेली ही साक्ष मला कॅनीपेक्षा मोठी वाटते.

कॅनीनंतर तो थेट रोमवर का गेला नाही, हा आक्षेप हमखास येतो. रोम चारेकशे किलोमीटर दूर, भोवती भक्कम तट, जवळ वेढ्याचं साहित्य नाही. गेला असता तर तटाखाली बसून उपाशी मेला असता. त्याची खरी चूक दुसरी होती, आणि ती मोठी होती. दोन-तीन मोठे पराभव झाले की रोमची मित्रराज्यं फुटतील, या हिशेबावर त्याने सगळं युद्ध उभं केलं. दक्षिणेतली काही फुटली, मधली लॅटिन शहरं बहुतेक रोमशी चिकटून राहिली. आणि जी फुटली त्यांचं रक्षण करण्यातच त्याची ताकद वाटली गेली.

इ.स.पू. २०२ ला कार्थेजजवळ झामाची निर्णायक लढाई झाली. ज्या नुमिडियन घोडदळाच्या जोरावर तो आजवर जिंकत आला होता, त्याचा मोठा भाग नुमिडियन राजपुत्र मासिनिसाबरोबर सिपिओकडे गेला होता. तरी इटलीहून बरोबर आणलेले जुने शिपाई शेवटच्या फळीत पाय रोवून उभे राहिले, आणि पाठलागावर गेलेलं रोमन घोडदळ परत येऊन पाठीवर कोसळेपर्यंत निकाल ठरला नव्हता. मग पुढचं वागणं पाहा. कार्थेजच्या सभेत कुणी तहाविरुद्ध भाषण ठोकायला लागला, त्याला हॅनिबलने स्वतः ओढून व्यासपीठावरून खाली उतरवलं. हरलोय, आता शहर वाचवा, हे सांगायची हिंमत त्याच्यात होती. पुढे कारभारी म्हणून निवडून आल्यावर त्याने अफरातफर करणाऱ्यांना धरलं आणि लोकांवर नवा कर न लादता रोमची खंडणी भागवायची सोय केली. त्याच बड्या लोकांनी रोमकडे चुगल्या केल्या, आणि त्याला देश सोडावा लागला.

भाऊसाहेबांबद्दल लिहिताना हात जड होतो. पानिपतावर अडीच महिने उपासमारीत त्यांनी फौज एकत्र ठेवली, हे माझ्याच मापाने फार मोठं आहे. रसद पुरवणारे गोविंदपंत बुंदेले मारले गेले, रसद तुटली, बरोबर यात्रेकरू आणि बायकामुलं, तरी छावणी फुटली नाही. पण १४ जानेवारी १७६१ च्या दुपारी विश्वासराव पडल्यावर भाऊ हत्तीवरून उतरून घोड्यावर बसले आणि शत्रूच्या गर्दीत घुसले. अंबारी रिकामी दिसली आणि फौजेचा धीर सुटला. शूर माणूस म्हणून मी त्यांच्यापुढे वाकतो. सेनापती म्हणून त्या घडीला त्यांनी दिसत राहायला हवं होतं.

त्या दिवसाचा खरा सेनानी माझ्या मते इब्राहिमखान गारदी. त्याच्या पलटणींनी रोहिल्यांची फळी मोडत आणली होती. आपल्याच घोडदळाचे लोक गोलाची (सगळ्यांनी एकत्र चौकोनात सरकण्याच्या रचनेची) शिस्त सोडून पुढे धावले आणि त्याच्या तोफांच्या माऱ्याआड आले. पलटणी जागेवर कापल्या गेल्या, खान जखमी होऊन सापडला आणि मारला गेला. पानिपताच्या आठवणीत त्याचं नाव दुसऱ्या ओळीत का येतं, याचा आपण विचार करायला हवा.

आणि आता येवल्याचे तात्या. समोरासमोरच्या लढाईत ते कमी पडले, हे स्पष्ट लिहितो. १ एप्रिल १८५८ ला बेतव्याच्या काठी इंग्रज सेनापती ह्यू रोजच्या छोट्याशा फौजेने त्यांच्या वीसेक हजारांना हरवलं आणि झाशीची आशा संपली. पण जूनमध्ये ग्वाल्हेर पडल्यावर, राणी गेल्यावर, जिथे दुसरा कुणी शस्त्र खाली ठेवता, तिथून तात्यांचं युद्ध सुरू झालं. रॉबर्ट्स, मिशेल, पार्क या इंग्रज सेनापतींच्या एकामागून एक तुकड्या मागे लागल्या. बनास, चंबळ, बेतवा, सगळ्या नद्या पावसाळ्यात ओलांडत ते राजस्थान-माळव्यात फिरत राहिले. तोफा गमावल्या, तर झालरापाटणला नव्या मिळवल्या. ऑक्टोबरअखेर नर्मदा ओलांडून दक्षिणेत उतरले, तेव्हा मुंबई आणि मद्रास सरकारांची झोप उडाली. पेशव्यांच्या नावाने दख्खन उठेल ही भीती खरी होती. नागपूरचं राज्य खालसा होऊन चारच वर्षं झाली होती. दख्खन उठलं नाही, तो दोष तात्यांचा नाही.

फौज दर लढाईत मोडायची आणि पुन्हा गोळा व्हायची. पगार नाही, किल्ला नाही, राजधानी नाही, तरी माणसं परत येत होती. शेवटी एप्रिल १८५९ मध्ये नरवरच्या मानसिंगाने दगा देऊन पकडून दिलं, आणि १८ एप्रिलला शिवपुरीत फाशी झाली. मैदानात त्यांना कुणी पकडू शकलं नाही. हॅनिबलच्या खाली मी त्यांना ठेवतो ते केवळ बेतव्यामुळे.

यशवंतराव होळकरांचं नाव मी मुद्दाम घेतलेलं नाही. १८०४ मध्ये इंग्रज कर्नल मॉन्सनची फौज पळवून लावणारा आणि डीग, फर्रुखाबादचे फटके खाऊनही १८०५ च्या तहात आपलं राज्य राखणारा माणूस हरलेल्यांच्या यादीत बसतो, असं मला वाटत नाही. ज्यांना वाटतं त्यांनी कारणांसकट लिहा, मी वाचेन आणि उत्तर देईन.