कॅप निम्म्यावर आला म्हणून रिपेअरर बंद करू नका

ईव्ह ऑनलाइन या अंतराळजहाजांच्या ऑनलाइन खेळात नवख्यांना एक ‘टिप’ वाटली जातेय आणि आता आमच्या कॉर्पमधली (खेळाडूंच्या गटातली) पोरंही तीच घोकू लागली आहेत: कॅपॅसिटर (कॅप, जहाजाची ऊर्जेची टाकी) भरलेला असला की जोरात चार्ज होतो, म्हणून ५० टक्क्यांखाली गेला की रिपेअरर (कॅपवर चालणारं, आर्मर दुरुस्त करणारं उपकरण) बंद करा, बॅटरीने फक्त टाकी मोठी होते, भरण्याचा वेग वाढत नाही, आणि फिटिंगमध्ये (जहाजावर उपकरणं बसवायच्या पडद्यावर) कॅप ‘स्टेबल’, म्हणजे न संपणारा, दिसला की निर्धास्त राहा.

पहिलं वाक्य साफ उलटं आहे. ईव्ह युनिव्हर्सिटीच्या विकीवर सूत्र दिलेलं आहे, वाचायला दोन मिनिटं लागतात: १० × क्षमता ÷ रिचार्ज वेळ × (भरलेल्या अंशाचं वर्गमूळ वजा तो अंश). १००० गिगाज्यूल आणि २५० सेकंदांचा कॅप घ्या. भागाकार करून लोक सेकंदाला ४ धरतात. प्रत्यक्षात ९० टक्क्यांवर जेमतेम १.९ मिळतात, ५० वर ८.३, आणि २५ वर पूर्ण १०. तो कळस. म्हणजे चार्जिंगने ऐन जोर धरला असताना तुम्ही रिपेअरर बंद करता, आर्मर उघडं पडतं आणि कॅप पुन्हा त्या रेंगाळणाऱ्या नव्वदीकडे जातो. जहाज फुटतं तेव्हा कॅप भरलेला असतो. काय उपयोग?

कॅपमध्ये एका झटक्यात ऊर्जा ओतणाऱ्या कॅप बूस्टरचंही तेच. याच कॅपमध्ये निम्म्यावर ८०० चा चार्ज टाकलात तर ३०० वाया जातात, वर टाकी तुडुंब भरल्याने आपोआप होणारं चार्जिंगही थांबतं. २० टक्क्यांच्या आसपास टाका.

खालची पातळी धोक्याची असते, एवढं मान्य. पण धोका पन्नासला नाही, पंचवीसच्या खाली आहे. तिथून वेग पुन्हा पडतो. आणि ‘स्टेबल’वाल्यांनी हे नीट बघावं: खर्च सेकंदाला ८.३ असेल तर फिटिंग ‘५० टक्क्यांवर स्टेबल’ दाखवतं. पण शत्रूच्या न्यूटने (समोरच्याचा कॅप रिकामा करणाऱ्या हत्याराने) कॅप साधारण ८.६ टक्क्यांखाली ढकलला, की तोच खर्च भरण्याच्या वेगापेक्षा जास्त ठरतो आणि कॅप शून्यावर जातो. मोड्यूल (जहाजावरची उपकरणं) बंद करायची वेळ ती.

बॅटरी? रिचार्ज वेळ तीच राहून क्षमता १३०० झाली तर कळस १० वरून १३ वर जातो, शिवाय न्यूटचा मारही थोडा कमी बसतो. ‘कॅप रिचार्जर २’ हे मोड्यूल रिचार्ज वेळ २० टक्क्यांनी घटवतं, म्हणजे वेग २५ टक्क्यांनी वाढतो.